बोडनझेच्या काठचे जुने टोपो नकाशे: शोधायचे कसे, वाचायचे कसे, एकावर एक बसवायचे कसे

बोडनझे म्हणजे आपल्या शाळेच्या अ‍ॅटलसमधलं कॉन्स्टन्स सरोवर, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध पसरलेलं साधारण ५३६ चौरस किलोमीटरचं पाणी. आज काठावर तीन देश आहेत, पण खरी मोजणी करून नकाशे काढायला सुरुवात झाली त्या १९व्या शतकात इथे पाच सत्ता होत्या: बाडेन, व्युर्टेंबर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. पाचही जणांची मोजणी खाती वेगळी, त्यांचे फूट वेगळे, उंची मोजायचा शून्य वेगळा, काहींचं तर रेखांशाचं शून्यसुद्धा वेगळं. म्हणून इथला एकच जुना नकाशा उघडून त्यावरून निष्कर्ष काढले की हमखास गडबड होते, समोरच्या काठाचं शीट शेजारी ठेवल्याशिवाय या भागातलं काहीच नीट कळत नाही. या लेखात जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

चाकणहून कामानिमित्त फ्रीडरिशहाफेनला आलेल्यांना, झ्युरिकला राहून वीकेंडला सायकलवर सरोवराला चक्कर मारणाऱ्यांना, किंवा घरबसल्या नकाशांचा नाद असलेल्या कुणालाही हे जमेल. कॉम्प्युटर, नेट आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं.

आधी जागा छोटी निवडा

अख्खं सरोवर घेऊन बसू नका. दहा-बारा किलोमीटरचा तुकडा घ्या आणि त्याला एक प्रश्न विचारा. माझी शिफारस ऱ्हाइनच्या मुखाची, म्हणजे स्विस बाजूचं राइनएक आणि डीपोल्ड्साऊ, ऑस्ट्रियन बाजूचं होएक्स्ट, गाइसाऊ, फुसाख, हार्ड आणि लुस्टेनाऊ. इथे सव्वाशे वर्षांत नदीनेच जागा बदललीय आणि सीमा मात्र जुन्याच पाण्यावर राहिलीय, त्यामुळे जुन्या नकाशांचा उपयोग काय हे पहिल्याच दिवशी समजतं. दुसरा चांगला तुकडा जर्मन कॉन्स्टान्त्स आणि स्विस क्रॉयत्सलिंगेन, जिथे गाव एकमेकांत मिसळलंय आणि देश वेगळे आहेत.

स्विस नकाशांपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपे मिळतात

स्विसटोपो म्हणजे तिथलं सरकारी नकाशा खातं. त्यांच्या मॅप डॉट जिओ डॉट अ‍ॅडमिन डॉट सीएच या साइटवर 'त्साइटरायझे' म्हणजे कालप्रवास नावाचा लेयर आहे, तो चालू केला की सालाचा स्लायडर येतो आणि तुम्ही १८४४ च्या आसपासपासून आजपर्यंत एकाच जागेवर पुढे-मागे सरकू शकता. मार्च २०२१ पासून स्विसटोपोचा बहुतेक डेटा फुकट झालाय, म्हणजे नुसतं बघायचं नाही तर जमिनीवर बसवलेल्या स्कॅन फाइल्स डाउनलोडही करता येतात, फक्त वापरताना स्रोत म्हणून स्विसटोपोचं नाव द्यायचं.

त्यात तीन पिढ्या ओळखायला शिका. पहिली द्युफूर नकाशाची, स्केल १:१,००,०००, २५ शीटं, १८४५ ते १८६५ या काळात छापलेली, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. यात कंटूर, म्हणजे समान उंची जोडणाऱ्या रेघा, नाहीत, डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने काढलेल्या बारीक रेघा आहेत, ज्याला हॅशूर म्हणतात, आणि उजेड वायव्येकडून पडतोय असं धरून सावलीची बाजू गडद केलीय. दिसायला अप्रतिम आहे, खरंच तासनतास बघत बसावं इतका, पण त्यावरून एखाद्या उताराची नेमकी उंची काढायला जाऊ नका, मिळणार नाही. दुसरी पिढी सीगफ्रीड नकाशाची, १८७० पासून पुढे. मैदानी भाग १:२५,००० आणि आल्प्सचा भाग १:५०,००० वर, पहिल्यात १० मीटरचे कंटूर आणि दुसऱ्यात ३० मीटरचे. कंटूर तपकिरी, पाणी निळं, बाकी बांधकाम काळं. बोडनझेच्या कामाला हाच सगळ्यात उपयोगी, कारण एकच शीट पुन्हापुन्हा सुधारून छापलंय आणि प्रत्येक आवृत्तीचं साल मार्जिनवर आहे. तिसरी पिढी १९३८ पासूनच्या लांडेसकार्टची, म्हणजे राष्ट्रीय नकाशाची, तिच्यात फारसं अडायला होत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात घ्या. स्लायडरवर जे साल दिसतं ते त्या शीटच्या प्रकाशनाचं असतं, जमीन पाहिल्याचं नसतं. मोजणी आधीची, मग कोरणं, मग छपाई, आणि सुधारित आवृत्तीत कित्येकदा फक्त रेल्वे आणि मोठे रस्ते नवे घातलेत आणि बाकी झाडी-दलदल तशीच राहिलीय. म्हणून 'अमुक साली इथे दलदल होती' असं छातीठोक लिहिण्याआधी आधीची आणि नंतरची अशी दोन्ही शीटं बघा.

उत्तर काठ: बाडेन, व्युर्टेंबर्ग, बव्हेरिया

इथे एकच साइट उघडून भागत नाही, कारण आजचं जर्मनी तेव्हा नव्हतंच. कॉन्स्टान्त्स, राइखेनाऊ, मेर्सबुर्ग हे सगळं बाडेनचं. बाडेनने १८३८ ते १८४९ मध्ये १:५०,००० चा अ‍ॅटलस काढला आणि १८७५ पासून १:२५,००० ची शीटं. फ्रीडरिशहाफेन आणि लांगेनआर्गेन व्युर्टेंबर्गचं, त्यांची मोजणी १८१८ ते १८४० अशी चालली, त्याचा आरंभबिंदू ट्युबिंगेनच्या किल्ल्यातली वेधशाळा आणि शास्त्रीय बाजू सांभाळली खगोलशास्त्रज्ञ बोहनेनबेर्गर यांनी. लिंडाऊ बव्हेरियाचं.

व्युर्टेंबर्गचे फ्लुरकार्टे, म्हणजे १:२,५०० चे शेत-बांधाचे नकाशे, हे टोपो नकाशे नव्हेत पण त्यांना सोडू नका. आपल्याकडे गावनकाशावर गटनंबर बघून सातबारा शोधतो तसं इथे प्रत्येक बांध, प्रत्येक घर दिसतं. ते लेओ-बीडब्ल्यू या बाडेन-व्युर्टेंबर्गच्या इतिहास पोर्टलवर बघायला मिळतात. बव्हेरियासाठी बायर्नअ‍ॅटलास हा तिथला सरकारी ऑनलाइन नकाशा उघडा, त्यात १९व्या शतकातली मूळ मोजणी, उराउफनामे, लेयर म्हणून चढवता येते. बाडेनच्या हाताने काढलेल्या जुन्या नकाशांसाठी कार्ल्सरुहेचं गेनेराललांडेसआर्खीव्ह हे सरकारी दफ्तरखाना, आणि छापील १:२५,००० च्या शीटांसाठी, ज्यांना मेसटिशब्लाट म्हणतात, ड्रेस्डेनची डॉइच फोटोटेक हा चित्र-नकाशांचा संग्रह. शोधताना आजचा चार आकडी शीट नंबर कामाला येतो: पहिले दोन आकडे आडवी ओळ, पुढचे दोन उभा रकाना, कॉन्स्टान्त्सचा पूर्व भाग ८३२१ आणि त्याच्या शेजारी पूर्वेला ८३२२. पण बाडेन आणि व्युर्टेंबर्गच्या जुन्या शीटांना त्यांचे स्वतःचे नंबर होते, तेव्हा नंबर जुळला नाही तर गावाच्या नावाने शोधा.

नावंही जुनी टाकून बघा. फ्रीडरिशहाफेन हे नाव १८११ मध्ये बुखहोर्न गाव आणि होफेनचा मठ एकत्र करून दिलं गेलं, त्याआधीच्या नकाशावर तुम्हाला बुखहोर्नच मिळेल. कॉन्स्टान्त्स जुन्या शीटांवर के ऐवजी सी अक्षराने सुरू होतं, सर्चमध्ये दोन्ही टाका.

ऑस्ट्रियाची बाजू

फोरआर्लबेर्ग हा छोटासा प्रांत, पण नकाशांच्या बाबतीत श्रीमंत. ब्लासिउस ह्युबर याचा १७८३ चा नकाशा सुंदर आहे, तो संदर्भ म्हणून बघा, मोजमापासाठी नको. मोजमापाला दुसरी लष्करी मोजणी घ्या, तिरोल-फोरआर्लबेर्गमध्ये ती १८१६ ते १८२१ मध्ये झाली, स्केल १:२८,८००. हा आकडा विचित्र वाटतो पण त्याचं कारण साधं: जमिनीवरचे ४०० क्लाफ्टर (तिथलं जुनं लांबीचं माप) कागदावर एक इंच, आणि एका क्लाफ्टरमध्ये ७२ इंच, गुणा करा. त्यानंतरची तिसरी मोजणी, १८६९ ते १८८७, ती १:२५,००० वर, म्हणजे तोपर्यंत मीटर आलेला. दोन्ही आर्कानम मॅप्स या साइटवर आजच्या नकाशावर चढवून ठेवलेल्या आहेत, बघायला फुकट, काही सुविधांना पैसे पडतात. आणि फोरआर्लबेर्ग सरकारच्या व्होगिस अ‍ॅटलास या ऑनलाइन नकाशात उरमापे म्हणजे १८५७ च्या सुमाराची शेतमोजणी, स्केल १:२,८८०, आणि विसाव्या शतकातले जुने विमानातून घेतलेले फोटो आहेत, ते नक्की बघा.

मार्जिन वाचा, मगच नकाशा वाचा

इथे घाई करायची नाही, सगळ्या चुका इथेच होतात.

रेखांश: द्युफूर नकाशावरचे रेखांश पॅरिसपासून मोजलेत. जर्मन आणि ऑस्ट्रियन जुन्या शीटांवर बरेचदा कॅनरी बेटांतल्या फेरोपासून. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं, आणि फेरो पॅरिसच्या पश्चिमेला बरोब्बर २० अंश धरलेलं, म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला साधारण १७ अंश ४० मिनिटं. कॉन्स्टान्त्स आज ९ अंश १० मिनिटांवर, तर पॅरिसच्या हिशोबात ६ अंश ५० मिनिटं आणि फेरोच्या हिशोबात २६ अंश ५० मिनिटं. एकाच गावाचे तीन आकडे, तिन्ही बरोबर. शीटवर २६-२७ दिसलं की घाबरायचं नाही, फेरो आहे समजायचं.

फूट: १:५०,००० च्या जुन्या जर्मन शीटांवर आणि त्यांच्यासोबतच्या याद्यांमध्ये उंची फुटात असू शकते आणि कुठला फूट ते बघावंच लागतं. बाडेनचा फूट सरळ ३० सेंटीमीटर, व्युर्टेंबर्गचा साधारण २८.६५, बव्हेरियाचा २९.१९, व्हिएन्नाचा ३१.६१ आणि पॅरिसचा ३२.४८. सरोवराची उंची पॅरिस फुटात लिहिलेली असताना तुम्ही व्युर्टेंबर्गचा फूट धरलात तर जवळपास ५० मीटर खाली जाल.

उंचीचा शून्य: स्विस उंच्या जिनिव्हाच्या बंदरातल्या पिएर द्यु नितों या दगडावर टांगलेल्या आहेत. सीगफ्रीडच्या काळात त्या दगडाची उंची ३७६.८६ मीटर धरली होती, नंतर नव्याने काढली ती ३७३.६. म्हणजे सीगफ्रीडवरच्या कुठल्याही उंचीतून ३.२६ मीटर वजा केले की आजची स्विस उंची मिळते. जुन्या शीटवर बोडनझेची पातळी ३९८-३९९ दिसते आणि आज ३९५-३९६, त्यावरून सरोवर तीन मीटर आटलं असं वाटेल, पण पाणी आहे तिथेच आहे, दगडाचा आकडा बदललाय.

त्यावर जर्मनी अ‍ॅमस्टरडॅमचा समुद्र धरतं, ऑस्ट्रिया ट्रिएस्टचा, स्वित्झर्लंडची नाळ मार्सेयशी. हे फरक फूटभराच्या आतबाहेरचे आहेत, डोंगर बघताना विसरलात तरी चालेल, पण सपाट काठावर नाही चालत. खाली ऱ्हाइनवर लाउफेनबुर्गला २००३ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंड जोडणारा पूल बांधताना हा २७ सेंटीमीटरचा फरक माहीत असूनही चुकीच्या दिशेने धरला गेला आणि दोन बाजूंमध्ये ५४ सेंटीमीटरची तफावत आली. जाणकार इंजिनियरांचं असं होऊ शकतं, तर आपण वजा की अधिक हे कागदावर लिहूनच ठेवलेलं बरं.

किनाऱ्याची रेघ म्हणजे कुठल्या महिन्याची रेघ?

बोडनझेला धरणासारखे दरवाजे नाहीत, पाणी आपल्या मर्जीने चढतं-उतरतं. हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फ साठतं तेव्हा पातळी खाली, जून-जुलैमध्ये बर्फ वितळून वर, वर्षात सरासरी दीडेक मीटरचा फरक. उभ्या काठावर त्याने काही बिघडत नाही. पण ऱ्हाइनच्या मुखाशी किंवा उंटरझेच्या, म्हणजे सरोवराच्या पश्चिमेकडच्या लहान भागाच्या, रीड गवताच्या काठावर दीड मीटर म्हणजे शेकडो मीटर जमीन उघडी पडते नाहीतर बुडते. दोन नकाशांत किनारा वेगळा दिसला की गाळ साचला असं लगेच म्हणू नका. आधी बघा की त्या जागेला उतार किती आहे, आणि मग तिसरं एखादं शीट किंवा जुना हवाई फोटो काढा. तीन ठिकाणी एकाच दिशेने बदल दिसला तर खरा धरा.

क्यूजीआयएसमध्ये बसवणं

स्विस फाइल्स आधीच बसवलेल्या मिळतात, त्यामुळे हे मुख्यतः जर्मन आणि ऑस्ट्रियन स्कॅनसाठी. प्रोजेक्टचा सीआरएस, म्हणजे जागांचे आकडे मोजायची पद्धत, ईपीएसजी २०५६ ठेवा (ईपीएसजी हा त्या पद्धतीचा नंबर), हा स्विस एलव्ही९५, सरोवराच्या छोट्या तुकड्यासाठी तिन्ही देशांना चालून जातो. तुम्ही पूर्ण जर्मन बाजूच बघत असाल तर २५८३२ घ्या. जुनी स्विस डाउनलोड असेल तर ती २१७८१ मध्ये असू शकते, या भागात आकडे ७ लाख काहीतरी आणि २ लाख काहीतरी दिसले तर ती जुनी पद्धत आणि २७ लाख, १२ लाख दिसले तर नवी.

मग जिओरेफरन्सर हे त्यातलं स्कॅन बसवायचं साधन उघडून स्कॅन टाका आणि कंट्रोल पॉइंट द्या, म्हणजे स्कॅनवर आणि आजच्या नकाशावरही ओळखू येणाऱ्या त्याच जागा. पॉइंट निवडताना चर्चचे मनोरे सगळ्यात भरवशाचे, कारण मोजणीवाल्यांनी स्वतः त्यांच्यावरच दुर्बीण रोखली होती. त्यानंतर जुने दगडी पूल, मठ, किल्ले, सीमेचे दगड. रस्त्यांचे चौक चालतील पण गावाच्या आतले, बाहेरचे नंतर सरळ केलेत. नदीचं वळण, ओढ्याचा संगम, किनाऱ्याचं टोक हे कधीही घेऊ नका, आपण नेमकं त्यांचंच हलणं मोजायला बसलोय. आणि पॉइंट सगळ्या शीटभर पसरलेले हवेत, एका कोपऱ्यात गर्दी नको. सरोवराच्या शीटांत अर्धी जागा पाण्याची असते, तिथे पॉइंट मिळत नाहीत, म्हणून शेजारचं शीट जोडून दोन्ही काठांवर पॉइंट देता आले तर फार बरं.

ट्रान्सफॉर्म पहिल्यांदा पॉलिनॉमियल १ (साधं फिरवणं-ताणणं) लावा आणि रेसिड्युअल, म्हणजे प्रत्येक पॉइंट किती चुकतोय ते, बघा. एखादा पॉइंट बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त चुकत असेल तर ते चर्च नंतर दुसरीकडे बांधलंय का ते तपासा, थिन प्लेट स्प्लाइन लावून तो झाकू नका. स्प्लाइनने सगळे रेसिड्युअल शून्य दिसतात आणि नकाशा मधूनच रबरासारखा ताणला जातो, ते फक्त कागद खरंच आकसलाय किंवा घड्या पडल्यात अशी खात्री असेल तेव्हाच.

किती अचूकता मागायची हे स्केलवरून ठरवा. १:२५,००० वर एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर, १:२८,८०० वर २८.८, द्युफूरवर १००. (आपल्या जुन्या एक इंच-एक मैल टोपोशीटवर ६३.) कोरलेली रेघच ०.२ मिलिमीटरची असली तर सीगफ्रीडवर ५ मीटर आणि द्युफूरवर २० मीटर तिथेच गेले. द्युफूरवर १५ मीटरचा बदल सापडला असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आता वाचायला घ्या: ऱ्हाइन सरकली, सीमा नाही

१८९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने करार केला, ऱ्हाइनचे पूर रोखायला दोन ठिकाणी नदी सरळ कापायची. खालचा फुसाखचा काप १९०० मध्ये वाहता झाला, वरचा डीपोल्ड्साऊचा १९२३ मध्ये. दोन्ही मिळून नदी साधारण १० किलोमीटरने आखूड झाली.

१८८० च्या दशकातलं सीगफ्रीड शीट खाली ठेवा आणि १९३० च्या आसपासचं वर, वरच्याची पारदर्शकता अर्धी करा. खालच्या शीटवर ऱ्हाइन राइनएकवरून पश्चिमेकडे वळून सरोवराला मिळते, वरच्या शीटवर ती फुसाख आणि हार्डच्या मधून सरळ उत्तरेला जाते. पण सीमेची तुटक रेघ बघा, ती जुन्याच वळणावर आहे. त्यामुळे होएक्स्ट, गाइसाऊ आणि फुसाख ऑस्ट्रियात असूनही नव्या नदीच्या पश्चिमेला राहिले आणि डीपोल्ड्साऊ स्वित्झर्लंडमध्ये असूनही नदीच्या पूर्वेला. हे एकट्या स्विस शीटवर पूर्ण दिसत नाही कारण जुन्या शीटांवर सीमेपलीकडचा भाग बरेचदा कोरा किंवा अर्धवट असतो, म्हणूनच ऑस्ट्रियाची तिसरी मोजणी शेजारी लागते.

याचा पुढचा परिणाम नकाशावर लिहिलेला नाही पण नकाशावरून समजतो. डीपोल्ड्साऊजवळच्या जुन्या ऱ्हाइनमध्ये १९२३ नंतर वाहतं पाणी उरलं नाही, उथळ डोह राहिला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर जीव वाचवायला निघालेल्या ज्यूंपैकी अनेकजण ऑस्ट्रियातल्या होहेनेम्सच्या बाजूने इथूनच पलीकडे गेले, कारण लगतच्या वर-खालच्या टप्प्यात सीमेवर मोठी नदी होती आणि इथे नव्हती. सेंट गालनचे पोलीस कॅप्टन पॉल ग्र्युनिंगर यांनी नियम मोडून अशा शेकडो लोकांना आत घेतलं, १९३९ मध्ये त्यांची नोकरी गेली, १९४० मध्ये शिक्षा झाली, आणि ती रद्द व्हायला १९९५ उजाडलं, तेव्हा ते हयात नव्हते. १९३० च्या दशकातलं शीट उघडून तो वळणाचा तुकडा नीट बघा, पाणी किती रुंद, बांध कुठे, पायवाट कुठे. त्या माणसांनी कुठली जमीन ओलांडली हे इतकं जवळून दुसऱ्या कुठल्या कागदावर दिसत नाही.

उतारावरची आणखी एक गोष्ट शोधायला मजा येते: द्राक्षमळे. सीगफ्रीडवर त्यांची वेगळी खूण आहे आणि थुरगाऊच्या स्विस काठावर ती आजच्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी सापडते. पुढच्या आवृत्त्यांत ती विरत जाते, रोग आणि रेल्वेने आलेली स्वस्त वाइन यांनी मळे गेले, फळबागा आल्या.

साल नसलेलं शीट असेल तर रेल्वे बघा

फ्रीडरिशहाफेनला रेल्वे १८४७ मध्ये आली, लिंडाऊला १८५३-५४, रोमान्सहोर्न १८५५, रोरशाख १८५६, कॉन्स्टान्त्स १८६३, ब्रेगेन्त्स १८७२, आणि उत्तर काठाची साखळी १९०१ मध्ये पूर्ण झाली. राइखेनाऊ बेटाला जोडणारा बांध १८३८ चा. शीटवर कॉन्स्टान्त्सचं स्टेशन आहे पण ब्रेगेन्त्सचं नाही, तर १८६३ ते १८७२ च्या मधलं. एवढंच बघा की सीमेपलीकडची रेल्वे नवी घालायला नकाशावाले आळस करत, म्हणून पुरावा म्हणून त्याच देशातली रेल्वे धरा.

सरोवरातली सीमा तुम्ही काढू नका

शेवटी ओव्हरले, म्हणजे एकावर एक बसवलेला नकाशा, तयार झाला की हात शिवशिवतात, पाण्यातून तीन देशांची रेघ ओढून टाकावीशी वाटते. उंटरझे आणि कॉन्स्टान्त्सच्या खाडीत करारांनी सीमा ठरलेली आहे, ती काढा. ओबरझेमध्ये म्हणजे मोठ्या भागात तिन्ही देशांनी मान्य केलेली सीमाच नाही. स्वित्झर्लंड मध्यरेषा मानतं, ऑस्ट्रियाच्या मते २५ मीटर खोलीपर्यंतचा काठ ज्याचा त्याचा आणि त्यापुढचं खोल पाणी सगळ्यांचं मिळून. जुन्या शीटांवर कुणी रेघ ओढलेली दिसली तर ती त्या खात्याची बाजू समजा, शीटचं नाव आणि साल लिहून वेगळ्या लेयरमध्ये ठेवा.

जमिनीवरही असाच एक अपवाद आहे, कॉन्स्टान्त्सच्या पश्चिमेचं टेगरमोस. जमीन स्वित्झर्लंडची, पण १८३१ च्या करारामुळे तिच्यावर कॉन्स्टान्त्स शहराचे काही हक्क आहेत आणि भाजीचे मळे कॉन्स्टान्त्सवाल्यांचे. म्हणून ते कॉन्स्टान्त्सच्या शेतमोजणीत सापडतं आणि स्विस टोपो नकाशावरही. दोन्हीकडे दिसलं म्हणून एक चूक समजून खोडू नका, लेयरला 'प्रदेश' आणि 'मालकी' असे दोन वेगळे रकाने करा आणि दोन्ही भरा.